मेलेल्यांच्या रजिस्टरात नसलेली छोटी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला गेले, पण हात धजला नाही.

आई शेवटपर्यंत विचारत राहिली, “आपली छोटी नेमकी कुठल्या तारखेला गेली गं?” तू म्हणायचास, परगावी तापाने गेली, कागद हरवले. म्हणून आईच्या मागे मीच तिच्या मृत्यूची नोंद शोधायला निघाले. जिल्हा कार्यालयात चार महिने रजिस्टरं चाळली. त्यांनी राज्याच्या अभिलेखागारात पिटाळलं. तिथल्या कारकुनानेही हात टेकले. “आजी, मेलेल्यांत सापडत नाही, तर लग्नांत बघू का?”

“आजी घरी. इथे मी अर्जदार आहे,” मी म्हटलं. “बघा.”

आणि सापडली! विवाह नोंदवहीत छोटीची सही, खाली साक्षीदार म्हणून तुझी. तारीख, तू घरी येऊन ती गेल्याचं सांगितलंस त्याच्या आदल्या दिवसाची. आई तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि तू तिला थोपटत होतास, मेल्या!

नोंदीतल्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. ती अजून त्याच घरात राहत होती. काल छोटीचं उत्तर आलं: “ताई, दादा म्हणाला होता, माझं नावही घरात काढायचं नाही असं आईनेच बजावलंय.”

आम्हा मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर खोटारड्यांच्या हातावर पट्टी मारायच्या. तुझी शाळा वेगळी होती, वाचलास.

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी आम्ही दोघी तुझ्या दारात उभ्या राहू. तेव्हा तिला आत घ्यायचं की तिचा मृत्यूचा दाखला दाखवायचा, ते तू ठरव.

छोटीची ताई