सातव्या किलोमीटरचा फाटा

आदिलाबाद, बुधवार

प्रिय राघवेंद्र,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण सुरुवातच खाडाखोडीने नको म्हणून राहू दिलं. फोन केला असता, पण फोनवर तू ‘ताई, ऐक ना’ म्हणून हसायला लागतोस, आणि तू हसलास की मी गप्प बसते. गेली चाळीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. पत्र पूर्ण वाच, आणि एकटा असताना वाच.

तुझा व्हिडिओ पाहिला. हैदराबादच्या तुमच्या पळणाऱ्या मंडळींचा मेळावा, सगळ्यांच्या हातात कॉफीचे कप, आणि एकेक जण उभा राहून आपण कसे हरवलो ते सांगतोय. कोणी वाट चुकून लग्नाच्या मांडवात शिरला आणि जेवूनच निघाला. कोणी दुसऱ्याच शर्यतीचे बाण बघत पळाला आणि तिथलं पदक घेऊन आला. सगळे स्वतःच्या फजितीवर हसत होते. तू माइक घेतलास आणि माझी फजिती सांगितलीस. ‘माझी ताई आदिलाबाद जिल्ह्यात जन्मली आणि आदिलाबाद जिल्ह्यातच हरवली.’ मग पाच मिनिटं थांबायचं नाव नाही. माझा आवाज काढलास. माझं लंगडणंसुद्धा करून दाखवलंस. तेजस्विनीने कौतुकाने माझ्यासमोर फोन धरला होता, मामा किती भारी सांगतो म्हणून. मीही हसले. दोन वर्षं हसतच आलेय, त्यात नवीन काही नव्हतं.

आता तू कधीच न सांगितलेली गोष्ट मी सांगते. त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी वाच, कारण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकलेली नाहीस.

केशवराव मास्तर रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोक्यात दरवर्षी शर्यतीचा एक नवा किडा वळवळतो. आधी सीताफळ दौड झाली. हातात पिकलेलं सीताफळ घेऊन पळायचं आणि ते न फोडता पोचायचं. त्यात माझ्या टी-शर्टावर जो लगदा झाला तो तुला आठवत असेल. मग लग्नदौड, बायाबापड्यांसकट सगळ्यांनी मुंडावळ्या बांधून. आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात बैलजोडी दौड. दोघादोघांनी पळायचं, कमरेला कमर दाव्याने बांधून, गळ्यात घुंगरमाळा. मोबाईल सुरुवातीलाच पोत्यात जमा, कारण ‘बैलाले कायले पाह्यजे मोबाईल’ हा मास्तरांचा नियम. नेरडीगोंड्याच्या शाळेच्या मैदानातून निघायचं, तलावाच्या पाळीवरून शेतांत शिरायचं आणि बारा किलोमीटरचा वळसा घालून परत यायचं. तू हैदराबादहून खास आलास. जोडीला मीच हवी म्हणालास, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

वाट दाखवायला मास्तरांनी चुना टाकला नाही. आपला कापसाचा मुलूख, म्हणून प्रत्येक वळणावर बाभळीला कापसाचे पुंजके बांधले. मीटिंगमध्ये आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कापूस पिकतो. डिसेंबरात कापूस भरलेल्या गाड्या आणि टेम्पो ज्या ज्या रस्त्याने जातात, त्या त्या रस्त्याच्या बाभळी कापूस ओढून घेतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी धुक्यात बघतो तर प्रत्येक पायवाटेला, प्रत्येक गाडवाटेला पांढरे पुंजके.

सातव्या किलोमीटरला फाटा लागला. डावीकडे कापूस, उजवीकडे कापूस. पुढे कोणी दिसेना, मागून घुंगरांचा आवाज येईना. मी म्हणाले उजवीकडे, कारण सूर्य कुठे आहे ते मला कळत होतं. तू म्हणालास डावीकडे. दोन मिनिटं भांडलो, मग तू दाव्याची गाठ सोडलीस आणि म्हणालास, बघू कोण बरोबर ते. जोडीची शर्यत, आणि जोडीच सोडलीस. मी रागाने उजवीकडे निघाले. माझीच वाट बरोबर होती, हे मला दोनशे पावलांत समजलं, कारण मास्तरांचा लाल सुतळीने बांधलेला पुंजका दिसला. तेव्हाच कमरेच्या पिशवीला हात लागला. तुझा दम्याचा पंप माझ्याकडे होता. तुझ्या त्या महागड्या चड्डीला खिसा नव्हता म्हणून निघताना मीच ठेवून घेतला होता. थंडी, धुकं, आणि तू चढावर माझ्यापुढे जायच्या ईर्ष्येने पळणारा. मी उलट फिरले.

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मी वाट चुकले नव्हते, राघव. बरोबर वाट सोडून तुझ्यामागे आले होते. हाका मारत डाव्या वाटेने गेले, डांबरी रस्ता लागला, तिथे तू नव्हतास. रस्त्यापलीकडे पुन्हा वाट, पुन्हा बाभळीला कापूस. तू पलीकडे गेला असशील असं धरून चालले, आणि बाजारहत्नूरच्या अंगाला एका नाल्याच्या उतारावरून पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलेला आवाज मला ऐकू आला. साडेसात-आठची वेळ असेल. त्यानंतर दुपारी एकपर्यंत मी त्या नाल्यात होते. आधी तुझ्या काळजीने रडले, मग पायाने रडवलं. ओरडून घसा बसला तेव्हा गळ्यातली घुंगरमाळ काढून ती हलवत बसले.

ती ऐकून शकुबाई आली, कापूस वेचायची ओटी तशीच कमरेला. ‘कोनाचा बैल सुटला म्हून पाह्याले आली, तं बाई निघाली,’ म्हणाली. या वाक्यावर तुझ्या मेळाव्यात लोक टेबलं बडवत होते. त्या बाईने मला पाणी पाजलं, स्वतःच्या लुगड्याचा काठ फाडून पाय बांधला आणि शेताच्या धुऱ्यावर उभी राहून चार माणसं गोळा केली. ते तुझ्या गोष्टीत येत नाही. घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, तेही येत नाहीत. दोन वर्षांत मी दोन किलोमीटरच्या वर पळाले नाही. थंडीत जिना उतरताना कठडा धरते.

पण यासाठीही मी पत्र लिहिलं नसतं. पाय घसरला तो माझा घसरला. दाव्याची गाठ तू सोडलीस, तर मीही रागाने तोंड फिरवलंच की. इतकी वर्षं मी मनाची समजूत अशीच घालत आले. तू शर्यत संपवून आलास, मी दिसले नाही, तू घाबरलास, चुकीचं काही आठवलं असेल.

मग मागच्या मंगळवारी पंढरी नावाचा एक जण आमच्या बँकेच्या शाखेत आला. टेम्पो चालवतो, वयाने पन्नाशीचा, केवायसीचे कागद घेऊन आला होता. मी उठून कपाटापर्यंत गेले तेव्हा त्याने माझं लंगडणं पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. सवयीप्रमाणे मी हसत हसत सांगितलं, बैलजोडी दौड, नाला, शकुबाई, सगळं. तो हसला नाही. म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या भावाले मीच तं आनलं होतं टेम्पोत. डांबरी रोडवर बसून होता, लय दम लागला होता त्याले. मी म्हनलं दवाखान्यात चला, तं नाई म्हने. जिनिंगच्या वळनावर उतरला. मी इचारलं का संगं कोन हाये, तं म्हने ताई मांगं फाट्यावर हाये, येईन ते.’

त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं. त्याला वाटलं मला माहीतच असेल. मी त्याचे कागद दोनदा तपासले, चुकीच्या रकान्यात शिक्का मारला, आणि तो गेल्यावर रेकॉर्ड रूममध्ये जाऊन अर्धा तास बसले.

टेम्पोत बसलास त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. दम लागला होता, पंप नव्हता. तुझ्या जागी मीही बसले असते, आणि तू बसलास हे तेव्हा कळलं असतं तर देवापुढे साखर ठेवली असती. पण मैदानाच्या अलीकडे, जिनिंग मिलच्या वळणावर उतरून तू पळत आलास. सगळ्यांच्या आधी. ताई मागून येतेच आहे म्हणालास, मास्तरांनी तुझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो निघाला, तू हात वर केलास. बारा किलोमीटर इतक्या लवकर कसे संपवलेस, हे कोणी विचारलं नाही. मी येईना, तेव्हा मात्र विचारलं की शेवटचं कुठे पाहिलंस. आणि तू म्हणालास, तलावाजवळ. लेस बांधायला थांबली, मी पुढे निघालो.

तिसऱ्या किलोमीटरचा तलाव. फाटा म्हणाला असतास तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू एकटा कोणत्या वाटेने आलास. हार काढावा लागला असता. तेवढं वाचवायला तू सगळ्या माणसांना चार किलोमीटर मागे पाठवलंस. फाट्यावर कोणी आलं असतं तर ओल्या मातीत माझ्या बुटांच्या खुणा जाताना आणि परत फिरताना दिसल्या असत्या. घुंगरं ऐकू आली असती. तिकडे एक माणूस आला नाही. सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत सगळं गाव तलावावर होतं. पाळीवर शेवाळ, वर धुकं, बाई पाय घसरून पडली असणार असं कोणीतरी म्हणालं, आणि तू ते खोडून काढलं नाहीस. मासे धरणारे दोघे ट्यूबवर बसून बांबूने पाणी ढवळत राहिले.

आणि माझी पोरगी पाळीवर उभी होती. चौदा वर्षांची. आईचं प्रेत बांबूला लागतंय का ते बघत पावणेचार तास. त्या दिवसापासून वर्षभर ती दार लावून आंघोळ करत नव्हती, मला बाहेर उभं राहून बोलत राहावं लागायचं. हे तुला सांगितलं होतं, आठव. तू म्हणालास, ‘पोरी नाजूक झाल्यात आजकाल.’ तिच्या आठवणीत त्या दिवसाची एकच चांगली गोष्ट आहे. ‘मामाने पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आई, अजिबात सोडून गेला नाही.’ हे ती अजून सांगते. मी ते ऐकत आले आणि मनातल्या मनात तुझे उपकार मानत आले. चोर तो चोर, वर शिरजोर, असं म्हणतात. तू तर शिरजोरीही केली नाहीस, नुसता साळसूदपणे उभा राहिलास. तो हात मला त्या मंगळवारपासून झोपू देत नाही. मला तुझा राग येतो म्हणणं कमी आहे. मला तुझी किळस येते, आणि सख्ख्या भावाची किळस येणं किती वाईट असतं ते तुला कळायचं नाही.

तू घाबरला होतास असं म्हणशील. पहिली दहा मिनिटं मान्य. नंतरचे पावणेचार तास कसले? आणि नंतरची दोन वर्षं, माइक घेऊन?

आता पत्र का लिहिलं ते. येत्या रविवारी पुन्हा बैलजोडी दौड आहे. मास्तर या वेळी चुना टाकणार आहेत. तेजस्विनी सोळाची झाली, पहिल्यांदाच तिला परवानगी आहे, आणि फॉर्मवर जोडीदाराच्या रकान्यात तिने तुझं नाव लिहिलंय. मला न विचारता, कारण विचारायचं काय त्यात, मामाच तर आहे. मी तिला पंढरीचं काहीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ते आईचं भांडण होईल, आणि ती तुझी बाजू घेईल. शनिवारी सकाळी ती तुला न्यायला बसस्टँडवर येणार आहे. तिथून घर चालत पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत तू तिला सगळं सांगायचं आहेस, फाटा, टेम्पो, हार, सगळं, आणि त्यात एकही विनोद करायचा नाही. सांगायचं नसेल तर बसमध्ये चढू नकोस, आणि पुन्हा कधीच येऊ नकोस. सांगितल्यावरही ती तुझ्याबरोबरच पळते म्हणाली तर मी तिला अडवणार नाही, तो तिचा निर्णय. पण मी ओळखते तिला, ती फार बोलायची नाही, एकच विचारेल. मामा, ते लोक पाण्यात बांबू घालत होते तेव्हा आई तिथे नाही हे तुला माहीत होतं का? तेव्हा तिच्याकडे बघ, आणि हो म्हण.

तुझीच, कारण हे नातं राजीनामा देऊन सुटत नाही,
सुवर्णाताई