पवन्याची एक मूठ

प्रिय सुधा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धड हायत. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतीस नि ठेवतीस, म्हणून लिहायलेय. चौथीच्या पुढं मी शाळा बघितली न्हाई, तवा चुका काढत बसू नकोस. तू ही नोकरी धरलीस तेव्हा मी म्हणाले होते, गवत राखायला एवढं शिकावं कशाला लागतंय, आपली म्हैस बी राखती. तेव्हापासनं आठ महिने तू खजुरीला पाय ठेवला न्हाईस.

गेल्या बुधवारी चष्मा आणायला गुलबर्ग्याला गेले. तू त्या आठवड्यात ट्रेनिंगला मैसूरला असणार हे ठाऊक होतं. म्हणूनच तू राखतीस त्या माळावर गेले, खोटं कशाला बोलू. रिक्षावाला म्हणाला, तिथं काय बी न्हाई अक्का, नुसतं गवत हाय. म्हणलं, तेच बघायचंय, तू गाडी हाण.

एका अंगाला नव्या बिल्डिंगा, एका अंगाला ट्रकांचा रस्ता, नि मधी कमरेएवढं पिवळं गवत. नवा चष्मा होता म्हणून बरं, न्हाईतर काळवीट मला बोकडच वाटला असता. शिंगं किती पिळाची गं त्याची! नर तेवढा काळा, माद्या सगळ्या मातकट, असं कामून? आणि ते एकाच जागी लेंड्या टाकतंय रोज, एवढा माळ मोकळा असून. तुझ्या हाताखालच्या राखणदाराला, भीमण्णाला, विचारलं, तर तो म्हणाला, त्यांची त्यांना सवय. ह्याला काय उत्तर म्हणतात व्हय? एक मूठभर चंडोल गात गात वर गेला, मान दुखली तरी उतरेना, नि मग धोंड्यासारखा खाली आला. श्वास कधी घेतो तो? तुला ठाऊक असंल.

भीमण्णानं मला ओळखलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई. तो जरा पुढं गेला नि माझा घोटाळा झाला. असं पवन्या गवत बघून माझा हात कुठं गप बसतोय? मी पदर खोचला, बसले, नि म्हशीला म्हणून उपटायला लागले. भीमण्णा पळतच आला. ओ अक्का, चष्मा लावलाय तो शोभेला का? मी म्हणलं, उभं गवत वाळवून घालवायलास, तुझ्या घरी म्हैस न्हाई वाटतं. तो भांडायचा सोडून माझ्या पायाकडं बोट दाखवायला लागला. माझ्या टाचेपासनं वीतभर, उपटलेल्या बुडख्याला लागून, तितराची अंडी. अजून एक मूठ उपटायला सरकले असते तर संपलं होतं.

तो म्हणाला, आमच्या मॅडमनी बघितलं असतं तर तुम्हाला इथंच बसवून घेतलं असतं. लई कडक हाय का तुमची मॅडम, मी विचारलं. कडक न्हाईत, म्हणाला, पण गवताला हात लावला की त्यांचं तोंड उतरतंय. शाळेची पोरं आली की काडी काडी हातात धरून दाखवतात, हे पवन्या, हे मारवेल, हे कुसळी. म्हणतात, ही नावं मी पुस्तकात शिकले न्हाई, आईच्या मागं भारा घेऊन चालताना शिकले.

मी डोळ्यांना पदर लावला. त्याला वाटलं कुसळ गेलं.

मी वाट बघत होते, त्या पिलाचं बी तू त्याला सांगितलं असशील. न्हाई सांगितलंस. तू तिसरीत होतीस. होळी झाल्यावर दरवर्षीसारखं आपण पडीक पेटवलं, नवं गवत कोवळं यावं म्हणून. तू धुरातनं होरपळलेलं तितराचं पिल्लू फ्रॉकात घेऊन आलीस. माझ्या भाकरी व्हायच्या होत्या. मी ते हिसकून उकिरड्यावर फेकलं, नि फ्रॉक काळा केला म्हणून तुला दोन हाणल्या. ते हलत होतं, सुधा. मला दिसलं होतं.

आता कामाचं. तुझे अप्पा सोमवारी पडीक पेटवायचं म्हणतात. काल मी चष्मा लावून सगळं पडीक पाऊल पाऊल बघितलं. बांधाकडच्या पवन्यात एक तितरीण बसलीय. भोवती चार काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या. अप्पा म्हणाले, चष्म्यासंगं खूळ बी लागलं हिला. घरातली काडीपेटी माझ्या कमरेला हाय, बिडीला मागितली तरी देत न्हाई. पण त्यांना समजावून सांगायला मला येत न्हाई, नुसतं ओरडायला येतंय. तुला सांगायला येतंय, भीमण्णा म्हणाला. शनिवारच्या बसनं ये. अंडी किती हायत ते मी मोजलं न्हाई. ते तुझं काम हाय.

तुझीच,
काडीपेटी राखत बसलेली अव्वा