पाटीवरचं शून्य

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं आणि चहालाही न थांबता पोबारा केला. मी कपाळाला हात लावून उभी, तर शेजारचे सुतारदादा आणि त्यांची बायको न बोलावता धावून आले. आईला खुर्चीसकट उचलून आत नेलं ते त्या दोघांनीच. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे, पण जिभेला काही झालेलं नाही. सुतारदादांना म्हणाली, जपून धरा हो, जुना माल आहे, आता असा बनत नाही. दादा लाजले आणि वहिनी खो खो हसल्या.

घर मनासारखं आहे. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे बसायला ओटा, अंगणात एक म्हातारा लिंबू. आईचा पलंग खिडकीशी लावलाय. तिथून तिला सगळी गल्ली दिसते, म्हणजे आता गल्लीचं काही खरं नाही.

उद्यापासून नोकरी. काम सोपं आहे, परक्या भुंगेऱ्यावर पाळत ठेवायची. तांदळाच्या दाण्याएवढा किडा, काळा, पाठीवर एक पिवळी रेघ. बाहेरून आलेला आहे, म्हणून इथे त्याचं नावच पडलंय 'पाहुणा'. झाडात शिरतो आणि आतून खात सुटतो. वरून झाड हिरवंगार दिसतं, आणि एक दिवस कोणी नुसता हात टेकला तरी कोसळतं. आमचं जुनं गाव त्याने असंच धुळीला मिळवलं. आधी झाडं, मग घरांची छपरं. इथे मात्र तो अजून आलेला नाही.

एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर पोटात राहील. नाक्यावर रखवालदाराने विचारलं, लाकडी सामान आहे का? बाहेरचं लाकूड आणायला इथे सक्त बंदी. मी नाही म्हणाले आणि कागदावर सहीसुद्धा ठोकली. पलंग गाद्यांखाली होता. त्या पलंगावर आम्ही भावंडं जन्मलो, त्यावरच बाबा गेले. पलंग येणार नसेल तर मीही येत नाही, असं आईने सांगून टाकलं होतं. मग मी काय करायचं होतं? निघण्याआधी भिंग लावून चारही पाय तपासले होते. एक भोक नव्हतं. झालं, लिहिलं. आता चहा करते.

९ मार्च, रविवार

आज पहिली मोजणी. काय मजा आहे इथल्या लोकांची! प्रत्येक अंगणात एक निळा चिकट सापळा टांगलेला असतो, आत वासाची गोळी. रविवारी दहा वाजले की गल्लीतली झाडून सगळी माणसं चष्मे लावून सापळ्याला नाक भिडवतात. मग फाटकावरच्या पाटीवर खडूने आकडा लिहायचा आणि मी तो वहीत उतरवायचा. कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सापळ्यातले डाससुद्धा मोजतात. ते वेगळे लिहा म्हणून माझ्याशी हुज्जत घातली.

सगळीकडे शून्य. एकशे चौऱ्याऐंशी आठवडे शून्य! आणि मी ती गोळा करत फिरते म्हणून माझं नाव पडलं शून्यबाई. शाळेत गणितात मिळवायचे, त्यांचा आता पगार मिळतो.

शून्यावर लोकांचा जीव का, तेही कळलं. एक जरी किडा सापडला, तरी त्या फाटकापासून शंभर पावलांतलं प्रत्येक झाड कापायचं, यंत्रात भरडायचं आणि जाळायचं, असा नियम आहे. सुतारदादांच्या दारात केवढी थोरली तुती आहे! लग्नाच्या वर्षी लावलेली. मूलबाळ नाही, तेव्हा तीच आमची लेक, असं वहिनी म्हणाल्या. तिच्या बुंध्याला त्या जाता येता हात लावतात.

वहिनी रोज दुपारी येतात, आईची वेणी घालतात, पाय चेपतात. मी नको म्हटलं तर आईनेच मला गप्प केलं.

१६ मार्च, रविवार

आमच्या सापळ्यात एक होता.

पहिल्यांदा वाटलं, माशी असेल. भिंग लावलं तर पाठीवर पिवळी रेघ. गल्ली अजून बाहेर यायची होती. मी चिमट्याने तो सोडवला, चुरडला आणि मोरीत टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. मग पाटीवर शून्य काढलं. शून्य बटाट्यासारखं आलं.

एकच तर होता. वाऱ्यावरही येतो एखादा. खरं लिहिलं असतं तर तुती गेली असती, लिंबू गेला असता, आणि आमच्या खात्याच्या साहेबांनी पहिल्यांदा माझंच घर तपासलं असतं. पलंग दिसला असता. नोकरी गेली तर आईला घेऊन जाऊ कुठे? जुन्या घराला आता छप्परही नाही.

सगळी कारणं खरी आहेत. तरी दिवसभर वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

२३ मार्च, रविवार

सापळ्यात तीन. पाटीवर शून्य.

केर काढताना पलंगाखाली भुगा सापडला. मूठभर, पिठासारखा मऊ, फिकट पिवळा, छोटा ढीग करून पडलेला. पलंग पुन्हा तपासला. भोक सापडेना. तासाभराने पुन्हा तेवढाच ढीग. वहिनींनी विचारलं तर आईच्या पाठीला लावायची पावडर सांडली म्हणाले. खोटं बोलायचा हात बसत चाललाय मला.

आई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. आई काही बोलली नाही म्हणजे काळजीचंच काम.

३० मार्च, रविवार

सुतारदादांच्या सापळ्यात एक निघाला.

दुसरा कोणी असता तर माझ्यासारखंच केलं असतं. हा माणूस सरळ पाटीपाशी गेला, खडू घेतला आणि 'एक' लिहिलं. मग मला हाक मारली आणि म्हणाले, ताई, वहीत घ्या. वहिनी तुतीला टेकून उभ्या होत्या.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार? मनात आलं, सुंठेवाचून खोकला गेला. पहिला आकडा त्यांच्या दारात लागला, आता माझ्या दारात कोणी शोधणार नाही. हे मी मनात म्हणाले. त्यांच्याकडे बघत असताना म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

शंभर पावलं मोजायचं काम माझंच. मोजली. तुतीवर लाल खूण मीच केली.

सकाळी नऊला सुरुवात झाली आणि बारापर्यंत गल्लीत सावली म्हणून उरली नाही. तुती कापली तेव्हा आत एक भोक नव्हतं. लाकूड ओलं, पांढरंशुभ्र, निरोगी. साहेब म्हणाले, वेळेवर सापडलं म्हणून. दादांनी ते ऐकलं आणि मान हलवली, जणू त्यांची समजूत पटली.

लोकांनी निकाल लावून टाकलाय. सुतार आहे, बाहेरचं लाकूड आणलं असणार. दादांनी तपासणीचा शिक्का मारलेलं लाकूड दाखवलं तरी कोणी बघेना. पोस्टमास्तर दादांच्या फाटकासमोर थुंकले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलंय. मी वही छातीशी धरून उभी होते, बस्स.

६ एप्रिल, रविवार

दादांना कोणी काम देत नाही. बोलतही नाही. फक्त आमचं दार त्यांना उघडं आहे. दोघं रोज येतात. वहिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतात आणि आई त्यांच्या केसांतून हात फिरवते. दादा म्हणाले, ताई, तुम्ही तेवढ्या माणुसकीने वागता. मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते गेल्यावर आई म्हणाली, सांग त्यांना. पलंगाचं सांग. मी उद्या म्हणाले.

आमच्या सापळ्यात सहा. पाटीवर शून्य.

९ एप्रिल, बुधवार

ठरवलं, आधी पलंग संपवायचा, मग सगळं कबूल करायचं. आईसाठी दवाखान्यातून लोखंडी खाट आणली. ती पलंगावरून हलताना रडली नाही, पण पायाशी असलेल्या नक्षीवर हात ठेवला, तसाच बराच वेळ. मी तोंड फिरवलं.

मागच्या अंगणात भर उन्हात कुऱ्हाड घेतली. पाय फोडले, दांडे फोडले, फळ्या उभ्या चिरल्या.

आत काही नाही. कुठेच. लोखंडासारखं घट्ट लाकूड. कुऱ्हाडीचा हात झिणझिणला. ढलपी ढलपी भिंगाखाली घातली. एक भोक नाही, एक अळी नाही. बाबांचा पलंग मी उगीच फोडला.

मग भुगा कशाचा?

जुन्या घरात छतातून भुगा पडायचा. आईच्या अंगावर, उशीवर, रोज. दोन वर्षं. मी चादर झटकायची आणि विसरून जायची.

१० एप्रिल, गुरुवार

लोखंडी खाटेखाली ढीग आहे.

फरशी घासून पुसली. खाटेला लाकडाचा कण नाही. दुपारी पुन्हा ढीग.

११ एप्रिल, शुक्रवार

आईला अंघोळ घालताना पाठ नीट पाहिली. मी ती रोज पुसते, पण अलीकडे घाईने, न बघता — वेळ नव्हता, मला पाटी लिहायची असायची —

मणक्याच्या दोन्ही बाजूंना भोकं. बारीक, गोल, सुईने मोजून पाडल्यासारखी. रक्त नाही. सूज नाही. एकातून भुगा सांडत होता.

आई म्हणाली, दुखत नाही ग, नुसत्या गुदगुल्या होतात. किती दिवस, विचारलं. म्हणाली, तिकडे होतो तेव्हापासून. तुझ्यामागे आधीच एवढे व्याप, म्हणून बोलले नाही.

तिला उचललं. एका हाताने उचलली गेली.

मी तिला इथे आणलं. या गावात. नाक्यावर सही करून.

१३ एप्रिल, रविवार

सापळ्यात एकोणीस.

साहेबांना फोन लावला. ते हॅलो हॅलो करत राहिले. काय सांगणार? किडा ज्यात सापडेल ते कापायचं, भरडायचं, जाळायचं. नियम मलाच पाठ आहे. लोकांना मीच म्हणून दाखवते.

फोन ठेवला. पाटीवर —

शून्य.

१५ एप्रिल, मंगळवार

आईच्या पाठीला कान लावला. आत चालू आहे. कुरकुर, थांबतं, कुरकुर.

डॉक्टर नको म्हणते. म्हणते, माझं राहू दे, त्या शेजारच्या पोरीचं बघ. माझे पाय चेपते, मांडीवर झोपते —

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सव्वा महिना रोज —

दादांची तुती स्वच्छ होती. मग त्यांच्या सापळ्यातला कुठून आला?

१६ एप्रिल, बुधवार

वहिनी आल्या नाहीत.

मी गेले नाही विचारायला. दोनदा फाटकापर्यंत गेले. परत आले.

१७ एप्रिल, गुरुवार

आजही नाहीत. आई दर तासाला विचारते. तिच्या आवाजात हवा जास्त, शब्द कमी. मी तिच्या खाटेकडे पाठ करून बसते. स्वतःच्या आईकडे पाठ करून.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दहा. सुतारदादा आलेत. ओट्यावर बसलेत. मी कागद आणते म्हणून आत आले आणि हे लिहितेय, कारण हात काहीतरी करत राहिला पाहिजे —

वहिनींच्या पाठीला भोकं आहेत. काल रात्री दिसली त्यांना. अंथरुणात भुगा.

ते म्हणतात, माझ्याच लाकडामुळे झालं, ताई. गाव म्हणत होतं तेच खरं. मीच आणलं असेन कुठूनतरी, शिक्का बघून फसलो. बायकोला मीच खाल्लं. मोठा माणूस, ढसाढसा रडत होता. मग म्हणाले, जन्मात खोटं लिहिलं नाही, पण एवढं करा. आमच्या पाटीवर शून्य लिहू द्या. साहेबांना सांगू नका. ते तिला नेतील.

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हणाले, बरं, लिहिते शून्य.

ते वाकले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, तुमच्यासारखं देवमाणूस —

मी पाय मागे घेतले नाहीत.

आतल्या खोलीतून आई बोलतेय. आवाज जवळजवळ उरलाच नाही, पण तेच म्हणतेय, सांग त्यांना. सारखं, सांग त्यांना. त्यांनाही ऐकू जात असेल. दार उघडंच आहे. ओट्यावरून उठल्याचा आवाज आला. विचारतायत, आईंना काही हवंय का, मी बघू का — आत गेलेत, तिला बसवायला हात घालतायत, पाठीखाली —

सांगते. आता उठते आणि सांग