सगळीकडे चार

खारबाव,
गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६

सौ. चंद्राताईस मैनाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. यांना लूमवर पुन्हा दिवसपाळी लागली. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. पीसीओवाला कान देऊन ऐकतो, म्हणून पत्र.

काल एक मुलगी आली होती, मेघाली नावाची, कॉलेजातली. गेल्या वर्षीच्या पुरात ज्यांची घरे बुडाली त्या बायकांना प्रश्न विचारत हिंडते. अडचणीत माणूस एकच रस्ता धरून बसतो की दुसराही शोधतो, ते मोजायचे म्हणे. प्रत्येक प्रश्नाला एक ते सातमधला आकडा सांगायचा. मानकोलीची आपली जमीन गोदामवाल्याला द्यायची भावेशला घाई झालेली, आणि माझे डोके किती वळते ते मोजायला ही नेमकी आताच येते?

मी सरळ विचारले, “कुनी धाडली तुला? माझ्या भावानं?”

“काकू, मी तुमच्या भावाला ओळखतपण नाही. यात चूक-बरोबर काही नसतं.”

चूक-बरोबर नसलेली परीक्षा कुठे असते का? सात म्हणावे तर भावेश म्हणणार, ही वळते. एक म्हणावे तर, हिचे डोके फिरलेय, हिला विचारूच नका. मी सगळीकडे चार सांगितले. बिचारीने चहाची बशी स्वतः विसळली, तरी माझा डोळा तिच्या पिशवीवर. ती गेल्यावर तुझाही संशय आला. मी शब्दावर आहे का बघायला तूच तर धाडली नसशील?

ताई, मी शब्दावर नाही. हिस्सा सोडल्याच्या कागदावर एकटीने सही करायची नाही, असे आईच्या बाराव्याला आपले ठरले होते. भाऊबीजेला मी ओवाळले आणि भावेशने ताटात ओवाळणी म्हणून तो कागदच ठेवला. “मैने, सही कर, न्हायतर ह्यो उंबरा इसर.” निरांजन जळत होते. मी सही केली. तुला कळवायची लाज वाटली.

त्या मुलीचा शेवटचा प्रश्न होता, अडचणीत तुम्हाला एकाहून जास्त रस्ते दिसतात का? तिथेही मी चार म्हटले. खरा आकडा एक होता.

सोमवारी भावेश मला रजिस्ट्रारसमोर न्यायला येणार आहे. तोवर कागद कच्चाच, असे हे विचारून आलेत. मला अजून दुसरा रस्ता दिसत नाही. तुला दिसत असेल तर रविवारी ये. शिव्या दे, पण ये.

सही करून बसलेली, तरी तुझीच,
मैना