जावेच्या लांब बाह्या

४ मार्च, सोमवार

धाकट्या जावेच्या लाँड्रीत अपघातच होत नाहीत म्हणे!

इस्पितळाच्या चादरींचं कंत्राट निघालंय. अट एकच – लाँड्रीच्या कामगारांचा विमा हवा. म्हणून आज माझ्या लाँड्रीत विमा एजंटला बोलावलं. कामगार भरपाई विम्याची कोटेशनं मागवायची तर काय तयार ठेवायचं, एवढंच विचारायचं होतं. तर हे गृहस्थ खुर्चीला पाठ टेकायच्या आत म्हणतात, "तुमच्या जाऊबाईंकडूनच येतोय, मॅडम. काय कारभार आहे! आजवर एका कामगाराला साधा चटका नाही. त्यांचा हप्ता अगदी नाममात्र बसेल."

माझा हप्ता नाममात्र बसणार नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं. म्हणजे माझा दर चढणार आणि चादरी तिच्याकडे जाणार!

तयारी अशी : कोण काय काम करतं, पगार किती आणि मागच्या तीन वर्षांतल्या जखमा. "लपवू नका हं." जसं काही माझ्या कपाळावरच लिहिलंय.

५ मार्च, मंगळवार

जखमा आठवत बसले. धुणारा ओल्या फरशीवर आडवा झाला होता. घड्या घालणारीचं नख गेलं. आणि प्रेसवाली – ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवताना दोनदा भाजली. प्रेसचं काम सगळ्यात जोखमीचं. तिथे माणूस दाखवला की हप्ता चढलाच.

नवरा म्हणतो, "तू तुझं बघ ना. तिचं काय घेऊन बसलीस?" भावजयीचा विषय निघाला की याचा आवाज कसा लोण्यासारखा होतो!

७ मार्च, गुरुवार

जाऊ रस्त्यात भेटली. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या, मनगटापर्यंत बटणं! आम्ही घामाने निथळतोय आणि ही परीटघडीची. फॅशन करावी ती हिनेच.

"ताई, झाली का यादी? माझी तर चारच ओळींची, माणशी एक."

चारच! टोमणाच तो.

"माणसं कापसात गुंडाळून ठेवतेस वाटतं?" मी म्हटलं.

हसली. तिचं हसणंसुद्धा इस्त्री केलेलं.

८ मार्च, शुक्रवार

प्रेसवालीला 'घड्या घालणारी' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

९ मार्च, शनिवार

गेलेच शेवटी. निमित्त हँगर उसने मागायचं, खरा हेतू तिचं गुपित काढायचा. मागच्या दाराने शिरले.

दोघं धुलाईवर. एक घड्यांवर. एक गाडीवर. झाली चार माणसं. मग प्रेसवर कोण?

जाऊ! बाह्या कोपरावर दुमडलेल्या. मनगटापासून वर नुसते चट्टे – जुने पांढरट, नवे लाल. एक फोड अजून फुटायचा होता.

"अगं, हे काय?"

"लागतं अधूनमधून." झटकन बाह्या खाली.

"प्रेसवर माणूस का ठेवत नाहीस?"

"पहिल्याच वर्षी एकीचा हात आत जाता जाता वाचला, ताई. तेव्हापासून दुसऱ्या कुणाला तिथे उभं करायचा धीरच होत नाही."

"आणि एजंटला हे सांगितलंस?"

"त्याने कामगारांचं विचारलं. मी तर मालकीण!"

अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली. उद्या हात आत गेला तर कुणी दमडी देणार नाही, हे तिच्या गावीही नाही.

हँगर न घेताच परतले. लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच – आता तिच्या छातीचा! माझ्या प्रेससमोर मी कधी उभी राहिलेय?

'घड्या घालणारी' खोडलं. 'प्रेसवाली' लिहिलं, दोन्ही चटक्यांसकट.

११ मार्च, सोमवार

एजंटला फोन. "मालकिणीला विम्यात घेता येतं का?"

"येतं की, वेगळं सांगावं लागतं. हप्ता मात्र वाढतो. तुमचं नाव घालू?"

"माझं नको. जावेकडे जा. आजच. आणि तिच्या प्रेसवर कोण असतं ते विचारा."

"अहो, मग त्यांचा हप्ता तुमच्या बरोबरीला येईल!"

"येऊ दे."

तिच्या हातासाठी केलं की तिच्या हप्त्यासाठी? इथेसुद्धा लिहिणार नाही.

१२ मार्च, मंगळवार

जाऊ आली, पाच ओळींची यादी दाखवायला – पाचवी ओळ तिची स्वतःची. आखूड बाह्या घालून.