घोड नदीचा वरून काढलेला फोटो

हैदराबाद,
९ मे २००४

ती. रामनाथदादास,
बहिरूचा नमस्कार पोचावा. आईचे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. मी इकडं खुशाल आहे.

तर दादा, तुझं हे नेहमीचंच आहे. आधी ओरडायचं, मग विचारायचं. आळेफाट्याच्या गॅरेजात मी तुझ्या हाताखाली होतो तेव्हाही तेच. पाना हरवला की पहिलं नाव बहिरूचं, मग तो तुझ्याच खिशात सापडला तरी. परवा फोनवर तू एवढा ओरडलास की टेबलापलीकडं बसलेल्या मालकानं मान वर केली. त्याला मराठी येत नाही, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. "घर पे सब ठीक?" म्हणाला. मी सांगितलं, "हां साहब, भाई थोडा ऊंचा सुनता है."

आणि मी फोन आपटला नाही. लाईन तुटली.

इकडं ऊन लई आहे. आपल्याकडं निदान रात्री गार होतं, इथं भिंतीसुद्धा तापलेल्या राहतात. खाणावळीत भात आणि आंबट वरण. भाकरी कुठं मिळत नाही. मिळाली तरी ती भाकरी नसते. ते असो.

तू म्हणालास, फोटो खरा का खोटा, एका शब्दात सांग. एका शब्दात सांगता आलं असतं तर लाईन तुटली नसती. म्हणून लिहितोय.

मी विमानाच्या कंपनीत आहे असं तुम्ही फाट्यावर सगळ्यांना सांगता. मी तसं कधी म्हणालो नव्हतो. विमान शिकवतात तिथं लागलोय, असं म्हणालो होतो. ते खरं आहे. फक्त विमान तिथं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि सहा कॉम्प्युटर. पायलट व्हायला निघालेली पोरं त्यावर आधी हात बसवतात. गेमच आहे तो, विमानाचा. मी खोल्या झाडतो, चहा आणतो, सकाळी कॉम्प्युटर चालू करून ठेवतो, आणि झोपतो पण तिथंच. रविवारी क्लास बंद. मालक म्हणतो, बसायचं तर बस, मोडू नकोस.

मला उडवता येत नाही. वर चढवलं की कुठंतरी आपटतं, पोरं हसतात. पण एक बटण असं आहे की ते दाबलं की विमान हवेत आहे तिथंच थांबतं. मग त्याच्या भोवतीनं फिरून पाहिजे तिकडून बघता येतं. दिवस पण आपल्या हातात. सकाळचं ऊन पाहिजे तर सकाळ करायची, तिरपं पाहिजे तर सूर्य बुडायला आणायचा. ढग कमी करता येतात. एकेका फोटोसाठी मी अख्खी दुपार घालवली आहे. विमानाच्या पंखाचं टोक कोपऱ्यात यावं, डोंगराच्या कडेला उजेड लागावा, खाली दरीत सावली रहावी. सगळं जुळलं की आणखी एक बटण, आणि समोर दिसतं ते तसंच्या तसं धरून ठेवता येतं. ह्याला स्क्रीनशॉट म्हणतात. रंगीत कागद काढला तर मालक पगारातून कापतो. इथली पोरं म्हणतात, बहिरूभाई की नजर अच्छी है. दादा, सातवी सोडल्यापासून माझ्याबद्दल चांगलं असं हे एवढंच कुणी बोललंय.

बर्फाचे डोंगर पाठवले ते तसेच. समुद्र पाठवला तो पण. आईनं ते देवाशेजारी चिकटवलेत असं तू सांगितलंस तेव्हा मी काही बोललो नाही. पत्रात मी लिहिलं होतं, विमानातून असं दिसतं. आता विमानातून असंच दिसत असणार ना. मी बसलो नसलो तरी.

मग फेब्रुवारीत एका रविवारी मनात आलं, आपल्याकडं जाऊन बघू. त्यात गावांची नावं नाहीत. पुण्याचं विमानतळ आहे तेवढं. तिथून उठलो आणि नाशिक रोडच्या अंदाजानं उत्तरेला निघालो, एसटीत बसल्यावर लागतात तशा नद्या मोजत. इंद्रायणी गेली, भामा गेली, भीमा गेली. मग घोड आली तिथून डावीकडं वळलो आणि नदी धरून वर वर गेलो. घोडेगाव असायला पाहिजे तिथं नुसतं रान. पण डोंगर खरे होते, दादा. डिंभ्याच्या दोन्ही बाजूच्या सोंडा मी लगेच ओळखल्या. आणि सोंडांच्या मधून आत गेलो तर पाणीच नाही.

धरण नाही, भिंत नाही, काही नाही. हिरवी दरी आणि तळाशी नदी, दोरा पडल्यासारखी. गेम परदेशात केलाय. ज्यानं केला त्याच्या नकाशात आपलं धरण अजून बांधलेलंच नव्हतं. हे मला बघता क्षणी कळलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं तू म्हणायला नको की त्याला समजलं नसंल.

धरणापायी गाव उठलं तेव्हा मी आईच्या बोटाला होतो. मला आठवतं ते ट्रकमधलं जातं आणि बाबांची पाठ. वावर आठवत नाही. नदी वाकते तिथं आपलं नाचणीचं वावर होतं, एवढं बाबांच्या तोंडून ऐकलेलं. नदी वाकते ती जागा मी शोधली. विमान थांबवलं. ऊन तिरपं केलं. एवढा चांगला फोटो मला आधी कधी जमला नव्हता आणि पुढं जमणार नाही.

विमान थांबवलं की कोपऱ्यात लाल इंग्रजी अक्षरं येतात, थांबलंय म्हणून. बाकीच्या फोटोंचा तेवढा तुकडा मी कात्रीनं कापून पाठवायचो. ह्या फोटोत नेमकं त्याच कोपऱ्यात वावर आलं होतं. कापलं असतं तर वावर गेलं असतं. म्हणून अक्षरं राहिली. मागं लिहिलं, बाबांना दाखवा, आपलं वावर. एवढंच लिहिलं. पाणी उतरलंय असं मी लिहिलेलं नाही, तुझ्याकडं कागद असेल तर बघ.

यंदा दुष्काळ, सगळी धरणं आटली म्हणून पेपरात रोज येतंय, त्यात हा फोटो गेला, त्याला मी काय करणार, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होतो.

पाडव्याचं तू फोनवर सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा इतकी वर्षं चिमाजीअण्णांच्या अंगणात जाऊन त्यांच्या हातचा नारळ घेत आले. नारळ घेतला की वर्षभर अण्णांचं वावर आपल्याकडं वाट्यानं, ना कागद ना सही. आणि यंदा त्यांनी चार माणसांत नारळ परत दिला. अण्णा म्हणाले, "भिमाजी, पाण्यातल्या जमिनीच्या जिवावर नारळ माघारी देतोस व्हय?" बाबा म्हणाले, "पाण्यातली नाय राहिली अण्णा. पोरानं वरून बघितलीय." आणि फोटो काढून दाखवला. अण्णा वाईट माणूस नाही. संध्याकाळपर्यंत थांबले म्हणालास. मग तो नारळ दुसऱ्याच्या पदरात पडला. त्यांचं तरी काय चुकलं, वावर पडीक कोण ठेवील.

बाबा नाचणीचं बी घेऊन डिंभ्याला साळुआत्याकडं गेले आणि पाणी जिथं असतं तिथंच होतं. थोडं खाली गेलेलं, बस. वावरावर अजून दोन माणसं बुडतील एवढं. इथपर्यंत तू सांगितलंस तेव्हा मी ऐकत होतो. मग तू घोडेगावचं सांगितलंस. बाबा फोटो घेऊन, उघड्या पडलेल्या वावरावर पाणी परत का आणलं म्हणून अर्ज करायला गेले. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यानं फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "बाबा, हा गेम हाये. ही लाल अक्षरं बघा. माझा पोरगा बी खेळतो हे." आणि बाबा म्हणाले, "तुझा खेळत असंल. माझा काम करतो. ती अक्षरं कंपनीची हायेत."

इथं मी फोन ठेवला. लाईन तुटली नव्हती.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो. हे लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन वेळा भांडीच घासून आलो.

पाडव्याच्या आधी बाबांनी मला फोन केला होता. एकट्यानं. तुला नाही, आईला नाही, कुणाला सांगितलं नाही. फाट्यावरच्या बूथवरून लावला असणार, मागं ट्रक ऐकू येत होते. मी फोन उचलला तर पलीकडून, "मी भिमाजी बोलतोय." मला वाटलं चुकून लागला. बाबा आपल्या पोराला नाव सांगतायत.

म्हणाले, "बहिरू, ते पाणी खरंच उतरलंय का रं? फोटूत दिसतंय तेवढं?"

मी म्हणालो, "दुष्काळ आहे ना बाबा."

"दुष्काळ मला बी दिसतोय. तू डोळ्यानं बघितलं का?"

माझ्या हातात झाडू होता. तो मी भिंतीला लावून ठेवला, जसं काही त्यांना दिसणार होतं. एक शब्द पुरला असता. नाही म्हणायचं होतं, त्यांनी नारळ घेतला असता, मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि आज चिमाजीअण्णांच्या वावरात आपली नांगरट झाली असती. पण शाळा सोडल्यापासून बाबांनी मला काही विचारलं नव्हतं, दादा. सांगायचे फक्त, ते पण तुझ्या तोंडून. त्या दिवशी पहिल्यांदा विचारत होते आणि मी काय म्हणतो ते ऐकायला थांबले होते.

मी म्हणालो, "हो, बघितलं."

ते म्हणाले, "मग झालं. तू बघितलंय म्हंजी मी बघितलंय." आणि मीटर पळतोय म्हणून फोन ठेवला.

तर हे असं आहे. फोटोनं काही केलं नाही. फोटो तर देवाशेजारी भिंतीवर राहिला असता.

तू म्हणतोस बाबा डिंभ्यालाच बसलेत, फाट्यावर यायला तयार नाहीत, तोंड दाखवत नाहीत. सकाळी बी घेऊन काठाला जातात, दुपारी तसंच घेऊन येतात. आत्या काही बोलली की म्हणतात, "बहिरू येऊन दाखवील कुठं उघडं हाये ते." आणि तू म्हणतोस, पुढच्या रविवारी ये आणि तुझ्या तोंडानं सांग.

मी येत नाही. लाज वाटते म्हणून नाही. म्हणजे वाटतेच. पण कारण दुसरं आहे. मी आलो, काठावर आत्या आणि गावातली चार माणसं उभी राहिली, आणि बाबांनी त्यांच्यादेखत मला विचारलं, "बहिरू, बघितलंस ना रं?" तर मी परत हो म्हणेन. मला माझी ओळख आहे. त्यांनी तसं बघितलं की माझ्या तोंडातून नाही निघत नाही.

म्हणून असं कर. आधी चिमाजीअण्णांकडं जा आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. यंदाचं वावर गेलं ते गेलं, ते मागू नकोस. पण भिमाजी खोटं बोलला नाही, त्याचा धाकटा बोलला, एवढं त्यांच्या कानावर जाऊ दे. लोकांत सांगायचं का ते अण्णा बघतील. मला चालेल.

बाबांना मात्र वाचून दाखवू नकोस. माझ्याविरुद्ध तू लिहिलंस म्हणतील. त्यांना घेऊन इकडं ये. आत्याला सांग, बहिरूनं बोलावलंय, दाखवतो म्हणालाय. रविवारी आलात तर बरं, खोली मोकळी असते. मी त्यांना त्याच खुर्चीवर बसवीन, पुण्यावरून उठवीन, एकेक नदी दाखवत घोड नदीपर्यंत नेईन आणि त्या वाकणावर विमान थांबवीन. मग शेजारी माझी वळकटी आहे, झाडू आहे, चहाची किटली आहे. बाबांना वाचता येत नाही, पण बघितलेलं ते विसरत नाहीत. त्यांनी बघून झालं की मला विचारू दे. तिथं मला हो म्हणता येणार नाही.

त्यांना खिडकीची जागा दे. येताना आईकडून चार भाकरी बांधून आणल्या तर बरं होईल. नाही आणल्या तरी चालेल.

आईला नमस्कार. तुला पण. पुढं काय लिहावं ते कळत नाही.

तुझा,
बहिरू

ता. क. तुम्हा दोघांचं जायचं-यायचं भाडं मालकाकडून उचल घेऊन मनीऑर्डरनं तुझ्या नावावर लावलंय. रुपये बाराशे.