कडक आंबे आणा

बाबा,

मी आईचा डबा घेऊन दवाखान्यात निघालेय. आज पुन्हा चार आंबे फेकले. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण तुम्ही आपले मऊ, आजच खायचे तेवढेच शोधून आणता! वर येता-जाता अंगठ्याने दाबून बघता, मग ते नासणारच. आणि टोमॅटो फ्रीजमध्ये कोंबू नका, बाहेर टोपलीत ठेवा.

‘आज सोडतील तिला’ म्हणून आणता, कळतं मला. पण डॉक्टरांनी आठ दिवस सांगितलेत. तुमच्या घाईने त्यातला एकही कमी होणार नाही.

आज कडक आंबे आणा. कागदात गुंडाळून तिच्या पलंगाखाली ठेवा आणि अजिबात दाबू नका. खोलीत वास सुटेल, तोवर पलंगावर तीही असेल.

— धाकटी